निकानोरच्या पाठीशी वारा होता

लोरेतोच्या वेशीवर, हमरस्त्याला लागून, माझ्या दाजींचं पंक्चर काढायचं दुकान आहे. निकानोर आर्से त्यांचं नाव. दुकानाची पाठ समुद्राला, तोंड रस्त्याला. उत्तरेच्या थंड मुलखातून एकट्याने सायकल हाणत आलेले परदेशी तिथे हमखास थांबतात. चाकांत रुतलेले निवडुंगाचे काटे उपटता उपटता दाजी त्यांना रस्ता समजावून सांगत. पाणी कुठे मिळतं, ट्रक कुठे अंगावर येतात, कुठल्या चढाला उतरून चालावं. ऐकणाऱ्याला वाटावं, या माणसाने जन्म सायकलवर काढला. प्रत्यक्षात ते तिच्यावरून फार तर बेकरीपर्यंत जात. सगळा रस्ता त्यांनी लोकांच्या तोंडून गोळा केला होता.

माणूस वाईट नाही. बोलणारा आहे. पण बोलणाऱ्या माणसाला शांतता घरात शिरलेल्या परक्यासारखी वाटते, हे आम्हा कुणालाच तेव्हा कळलं नव्हतं. त्यांनाही नाही.

माझी बहीण आम्पारो, म्हणजे दाजींची बायको, 'ला पास' शहरातल्या इस्पितळात होती. पोटात गाठ. ऑपरेशनच्या खोलीबाहेर आम्ही सगळे बाकावर बसलो होतो. दुसरा कुणी असता तर मनातल्या मनात बोलला असता. दाजी उभे राहिले आणि व्हरांड्याच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, "सान हाविएर बाबा, हिला उठव! तिहुआनाच्या सरहद्दीवरच्या कुंपणापासून तुझ्या दारापर्यंत सायकलने येईन. एकटा. वाटेत कुठल्याही गाडीत पाय ठेवणार नाही."

आई हळूच म्हणाली, "जावईबापू, त्याला मेणबत्तीसुद्धा चालते."

"मेणबत्ती तुमच्याकडून," दाजी म्हणाले.

आम्पारो उठली. आता आमच्याकडे नवसाचं असं आहे, की तो कुणीही बोललेला असो, ज्याच्यासाठी बोलला त्याच्या अंगावर तो राहतो. फेडला नाही तर दुखणं घराचा पत्ता विसरत नाही. दाजींनी दोन हिवाळे टाळाटाळ केली. कधी गुडघा, कधी गिऱ्हाईक. आम्पारोने एका शब्दाने टोकलं नाही. फक्त आंघोळ करताना पोटावरच्या व्रणावरून हात फिरवून बघायची, नवीन काही लागतंय का.

तिसऱ्या वर्षी नोव्हेंबरात सायकल बसमध्ये टाकून ते उत्तरेला गेले आणि कुंपणापासून निघाले. सुरुवातीला रोज फोन. धुकं, समुद्र, तळलेली मासळी. "अगं, उडतोय मी!" एल रोसारियो गावानंतर फोन थांबला. तिथून रस्ता समुद्र सोडून वाळवंटात शिरतो आणि फोन कुणाचाच लागत नाही, त्यामुळे कुणी काळजी केली नाही.

सान हाविएरच्या सणाला डोंगरातल्या या संताच्या दगडी देवळासमोर आम्ही सगळे जमलो होतो. दाजी आले. काळवंडलेले, वाळलेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कुणी तरी घंटेला हात घातला. आम्पारो रडली. मग अंगणात कॉफी आली, भाजलेलं मांस आलं, आणि आमच्या बासिलियो मामांनी विचारलं, "काय रे, वाळवंट कसं होतं?" मामांचं उभं आयुष्य होडीत गेलेलं.

"वारा, मामा, वारा! समोरून असा, की श्वास घेऊ देईना. काताविन्या गावाच्या अलीकडे तर सायकल जागची हलेना."

मामांचं चावणं थांबलं. "समोरून?"

"समोरून!"

"नोव्हेंबरात?"

दाजींनी कॉफीचा कप तोंडाला लावला.

"तू तिहुआनाकडून इकडेच येत होतास ना? की उलटा निघाला होतास?"

अंगणात हशा पिकला. या दिवसांत आमच्या मुलखात वारा उत्तरेचा. दक्षिणेला येणाऱ्याच्या पाठीवर तो हात ठेवून चालतो. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि दाजी तर समुद्राकाठी जन्मलेले. दुसरं कुठलंही खोटं खपलं असतं.

"एखाद दिवस फिरतो की वारा," ते पुटपुटले.

"फिरतो ना. खास तुला भेटायला."

आम्पारोने कप खाली ठेवला. "निको, काय झालं तिथे?"

मग त्यांनी सांगितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा थोडक्यात सांगितलं. वारा पाठीशीच होता. पायही ठीक होते. फक्त कुणी नव्हतं. कुत्रं नाही, विजेची तार नाही, नुसते दगड आणि माणसांसारखे उभे निवडुंग. साखळीचा आवाज तेवढा. आधी ते स्वतःशी बोलले, मग गायले, मग शब्दच संपले. दुपारपर्यंत भीती बसली, कशाची ते सांगता येईना. तेवढ्यात कांद्याचा ट्रक थांबला.

"आणि तू चढलास."

"सायकलसकट. पण सीट सोडली नाही, आम्पारो! ड्रायव्हर आणि त्याच्या बायकोने मला सायकलवर बसल्या बसल्या उचलून वर ठेवलं. गाडीत पाय नाही ठेवला मी. काताविन्याच्या दगडांपाशी उतरवलं, तोवर पाय पायडलवरच होते."

"मारत होतास पायडल?"

"हो."

"कांद्याच्या पोत्यांवर?" मामा ओरडले. "मग पुढे कोण गेलं, तू की कांदे?"

लोक हसून हसून वाकले. दाजीही हसले. ते बघवत नव्हतं. हसता हसता त्यांनी आम्पारोकडे पाहिलं. तिचा हात झग्यावरून सरकत पोटावर गेला होता आणि तिथेच थांबला होता. ते हसायचे थांबले.

ती देवळात गेली. बाहेर आली तेव्हा म्हणाली, "उरलेलं मी चालते."

"तू? अगं, नवस माझा..."

"अंगावर माझ्या आहे."

"मी जातो ना परत. उद्याच जातो."

"तुला एकदा पाठवलं होतं," ती म्हणाली.

बापाचा राहिलेला नवस मुलाने फेडलेला मी पाहिला आहे, बाप गेल्यावर. नवरा जिवंत असताना त्याचा नवस बायकोने फेडलेला ऐकलासुद्धा नव्हता.

माझ्या गाडीतून आम्ही तिघे उत्तरेला गेलो. ट्रकमध्ये चढले ती जागा दाजींनी दाखवायची होती. "इथेच," ते म्हणाले. आम्पारो उतरली नाही. "खरं सांग." मग म्हणाले, अजून थोडं उत्तरेला. मग अजून उत्तरेला. शेवटी एका पांढऱ्या दगडापाशी त्यांनी मान खाली घातली.

"तू गाडीतच बसायचं," ती म्हणाली. "उतरायचं नाही."

ती चालू लागली. मी दिवे मिचकावत, तिच्या पावलांच्या वेगाने मागे. वारा तिच्याही पाठीशी होता. झगा पुढे उडत होता, जणू तिच्या आधी तोच पोचणार.

त्या रस्त्यावर चालणाऱ्याला ओलांडून कुणी जात नाही. पहिल्यांदा मासळीची गाडी थांबली. "बाई, बसा की!" आम्पारोने न थांबता मान हलवली. मग तो माणूस आमच्याकडे आला. "नवस आहे का बाईंचा?"

"हो," दाजी म्हणाले. "फार श्रद्धाळू आहे."

मी समोर बघत राहिलो. त्यानंतर एक ट्रक थांबला. त्यालाही तेच उत्तर. तो ट्रकवाला छातीवर क्रूस करून, दाजींना मान देऊन गेला. तो मान त्यांनी घेतला.

दुसऱ्या दिवशी तिची टाच फुटली. ती बसली, फडकं बांधलं, उठली. दाजींनी दाराच्या मुठीला हात घातला. तिने नुसतं पाहिलं. हात मागे आला.

दुपारी एक म्हातारं जोडपं जुन्या गाडीतून आलं. आजीने आमच्याशेजारी काच खाली केली. "कुणासाठी चाललीय पोर? घरात आजारी कोण आहे?"

दाजींचं तोंड उघडलं. तयार वाक्य ओठांवर आलेलं मला दिसलं. मग त्यांनी टोपी काढली.

"नवस माझा आहे, आजी. माझ्याने झाला नाही."

आजीने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं, बाजारात शिळ्या मासळीकडे बघतात तसं. "मग तू गाडीत काय करतोयस?"

"ती उतरू देत नाही."

"बरोबर करते," आजी म्हणाली आणि काच वर गेली.

आम्पारो पुढे निघून गेली होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. हे तिला ऐकू गेलं की नाही, आजही माहीत नाही. मी गाडी पुढे काढली. दाजींनी टोपी पुन्हा घातली नाही. काताविन्याचे दगड दिसेपर्यंत जो जो थांबला त्याला, त्याने विचारायच्या आत, काच खाली करून ते तेवढंच सांगत राहिले.