धोक्याच्या वाक्यातले नाव

बालाघाटच्या इंग्रजी वर्गात माझ्या शेजारी किरनापूरचे एक बसचालक बसतात. 'रिस्क', 'डेंजर' अशा शब्दांची वाक्ये करताना ते घरातल्या कोणाचेही नाव घेत नाहीत. प्रत्येक संकट स्वतःवरच ओढवून घेतात.

"काहून जी, रोज तुम्हीच मरता?" बाई विचारतात.

"मले सवय हाय, मॅडम," म्हणून ते हसतात.

काल त्यांनी मुलीच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेचे इंग्रजी संमतिपत्र माझ्यापुढे ठेवले. जिवाला धोका असल्याच्या वाक्यात रुग्णाचे नाव भरायचे होते.

"सारं समजलं मले, भाऊ. नाव तेवढं तुम्ही लिहा," असे म्हणून ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. नकार देण्याचे धैर्य मला झाले नाही.

"झालं काय?" थोड्या वेळाने त्यांनी विचारले.

माझे पेन अजून कोऱ्या जागेवरच थांबलेले होते.