जड गठ्ठे

आमच्या सासूबाई कशालाही भीत नाहीत, हे मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात ओळखलं. दारातली चप्पल सरकवावी तशा त्या मारक्या बोकडाला शिंगं धरून बाजूला सरकवायच्या. पुढे त्यांच्या पोटात खडा निघाला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल. दुसरी कुणी असती तर डोळ्यांना पदर लावला असता. आईंनी विचारलं, "रोख दिले तर किती कमी कराल?" डॉक्टरांना हसावं की रागवावं कळेना आणि मला तोंड कुठे लपवावं ते कळेना.

घासाघीस हा त्यांचा श्वास होता. स्वयंपाकघराला लागूनच आमचा गोठा आहे, मध्ये एकच भिंत. त्या गोठ्यात दोन गायी, पाच शेळ्या आणि एक म्हातारं गाढव. गाढव काय करतं? काही नाही. खातं आणि ओरडतं. मी एकदा म्हटलं, "आई, ह्याचा उपयोग काय?" तर फटकन म्हणाल्या, "सगळ्यांचा उपयोग बघत बसलो तर या घरात किती जण उरतील गं?"  पण जनावरं विकून टाका, विकून टाका, हे माझं टुमणं चालूच असायचं, आणि का असू नये? शेण मी काढायचं, वास माझ्या साड्यांना यायचा, आणि वैरणीचा खर्च दुधाच्या पैशांच्या मानेवर बसायचा. ह्यांचं काय जातंय? हे दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर, आठवड्यातले चार दिवस बाहेर.

त्या वर्षी वाळल्या गवताचा भाव ऐकूनच डोळे पांढरे व्हायची वेळ आली. तरी आई एका दुपारी टेम्पो भरून गठ्ठे घेऊन आल्या, आणि चेहरा असा खुललेला की मला वाटलं आईंना बक्षीसच लागलंय.

"निम्म्या भावात!" टेम्पो थांबायच्या आत ओरडल्या. "गवतवाल्याला शेत रिकामं करायची घाई होती. म्हटलं, घाई तुझी, भाव माझा. आणि हे उचलून बघ. उचल तर!"

मी एक गठ्ठा उचलायला गेले आणि कमरेत कळ आली. "किती जड आहेत हो!"

"मग सांगते काय! पैसे गठ्ठ्यावर मोजलेत, वजनावर नाही. लोकांच्या दीड गठ्ठ्याचं गवत आपल्या एका गठ्ठ्यात आहे." आणि असं हसल्या की मलाही हसू आलं. खोटं कशाला बोलू, मलाही तो सौदा आवडला होता. आम्ही दोघींनी आणि टेम्पोवाल्याने मिळून ते गठ्ठे गोठ्याच्या अर्ध्या भागात आढ्याच्या दोन हात खालपर्यंत रचले. फट म्हणून ठेवली नाही. आईंना फट दिसली की जागा वाया गेल्यासारखं वाटायचं.

थोड्या दिवसांनी गोठ्यात एक गोडसर वास यायला लागला, गूळ करपायला लागल्यासारखा. मी आईंना म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "चांगल्या गवताचा वास आहे तो." पण तसं म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

त्यानंतर आईंचं काहीतरी बिनसलं. आमची चिंगी सहा वर्षांची. गठ्ठ्यांवर चढणं हा तिचा रोजचा खेळ, आणि तिला तिथे आईच उचलून ठेवायच्या. त्याच आईंनी एका सकाळी तिला खाली खेचलं आणि पाठीत धपाटा घातला. पोरगी रडण्यापेक्षा आश्चर्याने बघत राहिली, आजीने तिला आजवर बोटही लावलं नव्हतं. माझं डोकंच फिरलं. "माझ्या पोरीवर हात उचलायचा नाही," मी म्हटलं. आई एवढंच म्हणाल्या, "पुन्हा तिथे दिसता कामा नये."

त्याच रात्री त्यांनी अंथरुणाची वळकटी उचलली आणि गोठ्यात झोपायला गेल्या. का, तर म्हणे तुझ्या घोरण्याने झोप लागत नाही. मी घोरते! मला इतका राग आला की मी त्यांना अडवलंसुद्धा नाही. जा म्हटलं, झोपा तुमच्या गाढवाशेजारी. त्यांच्या हाताला फडकं बांधलेलं दिसलं, विचारलं तर म्हणाल्या चहाचं भांडं लागलं. आणि या सगळ्यात आमची लोखंडी पहार गायब झाली. मला कुंपणाचा खांब बसवायचा होता. आईंना विचारलं तर, "मला काय माहीत? माझ्या कमरेला बांधलीय का?"

पहार मला सापडली ती एका भर दुपारी.

आई शेळ्या घेऊन मागच्या माळावर गेल्या होत्या. गायींना वैरण टाकायला मी गोठ्यात शिरले तर गंजीच्या मधोमध, दोन गठ्ठ्यांच्या मध्ये, पहारेचं टोक बाहेर आलेलं. बाकी सगळी पहार आत. म्हटलं, ही काय ठेवायची जागा झाली? टोकाला धरून जोर लावून ओढली. हातभर बाहेर आली. आतून आलेला भाग धरायला गेले आणि किंचाळलेच. चुलीतून काढलेल्या तव्याला हात लागावा तसा चटका बसला.

मी बघतच राहिले. आग नाही, धूर नाही, समोर साधं वाळलं गवत. मग लोखंड तापलं कशाने?  काय झालंय हे कळत नव्हतं, म्हणून जास्तच भीती वाटत होती.

मी फोन लावला त्या गठ्ठेवाल्याला, खरं तर भांडायलाच. "असलं कसलं गवत दिलंत हो? आत पहार खुपसली तर हात भाजतोय."

  तो आवाज खाली आणून म्हणाला, "वहिनी, गवत जरा ओलं असताना बांधलं गेलं. ओलं गवत दाबून रचलं की आतल्या आत तापतं. तुम्ही आता एकही गठ्ठा हलवू नका. वारा आत गेला की भडका उडेल. जनावरं बाहेर काढा आणि बंबाला फोन करा."

"अहो पण..."

"आणि वर कुणी चढू नका. आतून जळून पोकळ झालं असेल तर माणूस सरळ आत जाईल."

आणि तेवढ्यात माझ्या डोक्यावर, आढ्याजवळ, कुणीतरी खुदकन हसलं.

 चिंगी सगळ्यात वर बसली होती, पाय हलवत. माझ्या मागून कधी आली, कधी चढली, देव जाणे. ओरडायला उघडलेलं तोंड मी हाताने दाबून धरलं. ओरडले तर ती उठून पळेल. पळाली तर... मी पुढचा विचारच करू शकत नव्हते.

दारात शेळ्यांचा आवाज आला. आई आत आल्या. त्यांनी माझा चेहरा बघितला, अर्धी बाहेर आलेली पहार बघितली, मग वर बघितलं. त्यांच्या तोंडावरचा रंग उडालेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. पण आवाज रोजचाच होता, अगदी रोजचा.

"चिंगे, आपण आज पालीचा खेळ खेळू. पोटावर झोप बघू. अशी. हातपाय पसर. आता उठायचं नाही, उठली ती हरली. सरपटत माझ्याकडे यायचं."

"मला मारणार तुम्ही."

"नाही गं मारणार. पालीला कुणी मारतं का?"

"तुम्ही मारता की पालीला!"

"मी आता सोडलं ते. ये माझ्या सोन्या, ये."

चिंगी सरपटत यायला लागली. मधला एक गठ्ठा तिच्या खाली थोडासा खचला आणि तिथून पांढऱ्या धुराची बारीक रेघ वर आली. मी डोळे मिटून घेतले. आई बोलतच होत्या, "हां, पालबाई, शाब्बास, आता ह्या बाजूला." मग चिंगी धपकन माझ्या अंगावर आली आणि मी तिला छातीशी इतकी दाबली की ती रडायला लागली.

पुढचं मला तुटक तुटक आठवतं. चिंगीला मी शेजारच्या सुतारकाकांच्या हवाली केलं, बंबाला फोन केला, गायी सोडल्या. शेळ्यांना बाहेरूनच हाकललं. राहिलं गाढव. ते हलेना. आई आत त्याच्या दाव्याला लोंबकळत होत्या आणि गंजीतून आता चांगला धूर यायला लागला होता. "आई, मरू द्या त्याला, बाहेर या!" मी दारातून ओरडत होते. त्या ऐकतील तर शपथ! शेवटी मीच आत गेले, गाढवाच्या मागे उभी राहिले आणि आयुष्यातल्या सगळ्या शिव्या त्याला दिल्या. त्यातल्या निम्म्या आईंसाठी होत्या. कोणत्या शिवीने ठाऊक नाही, पण ते चाललं.

बंबवाल्यांनी आधी स्वयंपाकघराची भिंत भिजवली, मग गंजीवर पाणी सोडलं आणि पाण्याच्या धारेखालीच एकेक गठ्ठा बाहेर ओढला. बाहेरचे गठ्ठे हिरवट पिवळे होते. आतले तपकिरी निघाले. आणि मधोमध, जिथे पहार होती तिथे, नुसती काळी राख, एक माणूस बसेल एवढी पोकळी. एका गठ्ठ्याने वारा लागताच पेट घेतला, पण पाणी तयार होतं. बंबवाल्यांचा म्होरक्या भिंत चाचपून म्हणाला, "आणखी एक-दोन दिवस, आणि घरही गेलं असतं."

संध्याकाळी अंगणात काळ्या चिखलाचा ढीग होता आणि आई बादली पालथी घालून तिच्यावर बसल्या होत्या. मी त्यांच्या हाताचं फडकं सोडलं. तळव्यावर जुने फोड, त्यांवर नवे फोड. रोज पहार ओढून बघत होती ही बाई.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.  "आत जळतंय हे माहीत होतं आणि तुम्ही त्याला पाठ लावून झोपत होतात. सांगितलं का नाही?"

"वाटलं, निवेल आपोआप."

"आई!"

त्या फोडांकडे बघत म्हणाल्या, "सांगितलं असतं तर सगळं फेकावं लागलं असतं. पुन्हा पुऱ्या भावाने कोण घेतं? तू म्हणाली असतीस, विका जनावरं." त्यांनी मान वळवून रिकाम्या गोठ्याकडे बघितलं. "जनावरं गेली की मी काय करायचं गं? मला आणखी काय येतं? एका कोपऱ्यात बसवाल आणि दोन वेळा ताट द्याल. मला त्याची भीती वाटते. आगीची नाही वाटली एवढी."

 मी त्यांच्या हाताला मलम लावलं आणि नवीन फडकं बांधलं.

हे आल्यावर म्हणाले, आता विकूनच टाकू सगळी. मी म्हटलं, तुमचं मत विचारलंय कुणी? थोरली गाय तेवढी विकावी लागली, बाकीच्यांच्या वैरणीसाठी. ती कुणाला द्यायची ते आईंनीच ठरवलं. गाढव विकायचा प्रश्न नव्हता, घेणाऱ्यानेच आमच्याकडे पैसे मागितले असते.

नवे गठ्ठे आणायला मी आईंना बरोबर घेऊन गेले, दुसऱ्या गठ्ठेवाल्याकडे. त्यांनी एक उचलला, खाली ठेवला, दुसरा उचलला. भावाचा एक शब्द काढला नाही. "हलके आहेत," एवढंच म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघितलं.

ते आम्ही फटी ठेवून रचले. मधोमध पहार घातली. आई अजूनही रात्री गोठ्यातच झोपत होत्या. संध्याकाळी मी चहा घेऊन गेले तर आई गंजीपासून लांब, दारापाशी उभ्या होत्या. बोकडाला शिंगं धरून सरकवणारी बाई.

"तू बघ," म्हणाल्या. "माझ्याच्याने होत नाही."

मी पहार ओढली आणि मुठीत धरून ठेवली. "गार आहे."

"नीट धरलीस?"

"धरलीय."

"पुन्हा एकदा बघ."

कुणाचं एक काम मी दोनदा करत नाही. पण पुन्हा पहार आत घातली, थोडं थांबले, पुन्हा ओढली आणि त्यांच्याजवळ नेऊन त्यांच्या गालाला लावली. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"गार आहे," त्या म्हणाल्या. मग अगदी बारीक आवाजात, मी कधी न ऐकलेल्या, विचारलं, "मग मी आज आत झोपायला येऊ?"

मी त्यांची वळकटी उचलली आणि म्हटलं, "चला. मी घोरते, ते मात्र ऐकावं लागेल."