वळचणीची निळी ताटली

जिवली वाडीवरची. लावणीला, कापणीला आमच्याकडे यायची. दुपारी ओट्याखाली जेवायला बसताना वळचणीत खोचलेली आपली ताटली स्वतःच काढायची, जेवून धुऊन परत ठेवायची. चिनी मातीच्या त्या ताटल्या रेल्वेचा कुणी गोरा साहेब जाताना आजेसासऱ्यांना देऊन गेलेला. साहेबाच्या उष्ट्या म्हणून घरात कुणी त्यात जेवलं नाही. मग त्या मजुरांना ठेवल्या.

पांढऱ्यावर निळं छापील चित्र. पूल, झाड, दोन पाखरं. जिवलीच्या ताटलीत काठाची वेल एका जागी नीट जुळली नव्हती, तिथलं पान अर्धंच होतं. त्यावरून ती आपली ताटली ओळखायची.

घराघरात स्टील आलं तशा सासूबाई त्या ताटल्या उकिरड्यावर टाकायला निघाल्या. जिवलीने मागून घेतल्या. मग तिला नादच लागला. आणखी दोन घरांतून मागून आणल्या, एक म्हशाच्या जत्रेत भंगारवाल्याकडून कोंबडी देऊन घेतली. अकरा झाल्या. राखेने घासून कुडाजवळच्या फळीवर उभ्या केल्या. लेकीच्या, रंजिताच्या लग्नात व्याह्यांची पंगत त्यात वाढायची, असं तिने आख्ख्या वाडीला सांगून ठेवलं होतं.

दोन हजार चार साली, लग्न महिन्यावर आलेलं, आणि माझा मुलगा साईनाथ मुंबईत जुन्या वस्तूंच्या एका दुकानात तसली ताटली मोठ्या किमतीला लावलेली बघून आला. मला घेऊन वाडीवर गेला. पणजोबांची आठवण आहे, घरात पाहिजे, म्हणाला. बदल्यात स्टीलची बारा ताटं ठेवली. आमच्या किती, तिच्या किती, विचारलंसुद्धा नाही. अकराच्या अकरा पोत्यात गुंडाळल्या.

जिवली म्हणाली, "मी जेवलेली हाय त्याच्यात. चालंल तुला?"

"धुतली की झालं गो," तो हसला.

मी शेजारीच उभी होते. सकाळी देवाची पूजा करूनच निघाले होते. पोत्याचं एक टोक मी उचललं.

पत्रिका द्यायला ती आली तेव्हा ताटल्या हॉलमधल्या काचेच्या कपाटात होत्या. ती ओट्याखालीच बसली. मी वळचणीतला स्टीलचा पेला काढून चहा दिला. हाताला तीच सवय. दारातून तिला अर्धं पान दिसलं असणार. चहा प्यायली, पेला धुऊन परत खोचला.

लग्नाला मी गेले. व्याह्यांना पळसाच्या पत्रावळी होत्या. मला मात्र तिने घरात नेऊन पाटावर बसवलं आणि पुढ्यात साईनाथने दिलेलं ताट मांडलं.

"जेवा वयनी. कोन जेवला नाय त्याच्यात."