अर्धा कप

आमचे बाबा बोटीवर स्वयंपाकी होते. कंपनीच्या नऊ मालवाहू बोटी सिमेंट, बटाटे, गॅसच्या टाक्या घेऊन या बंदरातून त्या बंदरात ये-जा करायच्या, आणि बाबा प्रत्येक बोटीचा स्वभाव चहाच्या कपावर मोजायचे. नवी बोट शहाणी, तिच्यावर पाऊण कप चालायचा. सगळ्यांत जुनीला ते ‘नाचरी’ म्हणायचे. तिच्यावर अर्ध्याच्या वर ओतलेला चहा हमखास कॅप्टनच्या मांडीवर जायचा.

पंचाईत व्हायची ती घरी. सुट्टीत चहा बाबांच्याच हातचा, आणि तो हात काही ऐकायचा नाही. पाहुण्यांनाही अर्धाच कप! आत्याने तर एकदा तोंडावरच विचारलं, "वहिनी, दूध संपलंय का गं?" आई लाजेने अर्धमेली झाली. पाहुणे गेल्यावर तिने बाबांवर यथेच्छ तोंडसुख घेतलं. "अहो, घर हलत नाही!" बाबा नुसते हसले. यात हसण्यासारखं काय होतं, देव जाणे! भांडण रंगात यायच्या आत त्यांची बोट सुटायची.

निवृत्तीनंतरच्या पहिल्या सकाळी बाबांनी आईचा कप काठोकाठ भरला. दोन्ही हातांनी सांभाळत, थेंबही न सांडता तिच्यापुढे ठेवला.

"घे. घर हलत नाही."

आईने कपाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. अर्धा चहा तिने पुन्हा पातेल्यात ओतला.

"अर्धाच बरा. संपला की परत मागेन. आता घरीच आहात ना तुम्ही?"