एक जूनचं कुलूप

अजिनाथच्या मोबाईलच्या दुकानात गिऱ्हाईकं कमी आणि चौकशा जास्त. सोनईच्या पेठेत माझं शिवणयंत्र त्याच्या भिंतीला लागून आहे, त्यामुळे कुणाच्या फोनला काय झालं ते मला फुकटात कळतं. कुणी काच बदलायला आलं की हा विचारणारच, "पडला कसा? भांडान झालं का घरात?" जिभेला हाड म्हणून नाही. पण इतका हळवा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

गेल्या हंगामात ऊसतोड मजुरांच्या कोप्यांवरची आरती, आठ-नऊ वर्षांची पोर, फोन छातीशी पालथा धरून पळत आली. "काका, ह्ये बंद व्हईना. आईला सांगू नका, मारंल ती."

आईबाप फडात ऊस तोडत होते. धाकट्या भावाला रमवायला पोरीकडे फोन दिलेला. कार्टून बघता बघता भलतंच काही उघडलं होतं. अजिनाथनं ते बंद केलं, "न्हाई सांगत" म्हणत तिच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली, आणि त्या दुपारी डबा उघडलाच नाही. ते आलं होतं फुकट सिनेम्यांच्या ॲपमधून, आणि ते ॲप त्यानंच फोनमध्ये टाकून दिलेलं होतं. पेठेतले सगळेच टाकून द्यायचे, गिऱ्हाईक खूश होतं ना!

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्या मोबाईलवाल्यांना चहाला बोलावलं. "सरकार कायदा करील तवा करील. इकतो आपुन, भरून देतो आपुन. मग राखायचं कुनी?" ठरलं की असलं ॲप कुणी टाकायचं नाही आणि पोरांच्या हाती जाणारा फोन चाइल्ड लॉक घातल्याशिवाय दुकानाबाहेर जायचा नाही. सगळ्यात मोठं दुकान श्रीमंतचं. तो कुरकुरला, "गिऱ्हाईक घोडेगावला जाईल." तरी मैत्रीखातर तयार झाला.

महिना झाला नाही तोच पोरांनी धडाधड कुलपं उघडली. कारण साधं होतं. कुलपाचा नंबर म्हणून प्रत्येक आईबापानं आपली जन्मतारीख दिलेली, आणि आमच्याकडं निम्मा गाव एक जूनला जन्मलेला! शाळेत नाव घालताना गुरुजी तीच तारीख ठोकून द्यायचे. मी पण एक जूनचाच.

श्रीमंत तरातरा आला. "झाली तुझी नियमावली! कुलूप लावलं अन् किल्ली दारातच टांगली. मी सोडतो हे सगळं."

तेवढ्यात आरतीची आई सत्यशीला फोन घेऊन आली, मागे आरती. "आमच्या फोनला बी कुलूप घाला भाऊ. नंबर..."

"शून्य एक शून्य सहा," आरतीच बोलली.

श्रीमंत खो खो हसला. अजिनाथला मात्र हसू येईना. तो म्हणाला, "ताई, नंबर मागनं टाकू. आधी पोरीला सांगा, फोनात वंगाळ दिसलं तर तुमच्याकडं आनायचं अन् तुमी मारायचं न्हाई."

सत्यशीला भडकली. "माझी पोर तसलं बघत न्हाई!"

"ती बघत न्हाई वो. ते आपसूक येऊन उभं ऱ्हातं."

तिनं फोन काउंटरवर ठेवला. मग आरतीकडे वळून म्हणाली, "सांगत जा मला. न्हाई मारनार."

आरतीनं अजिनाथकडं पाहिलं. तो मान खाली घालून स्क्रूड्रायव्हर शोधत होता. बडबड्या माणसानं पोरीला दिलेला शब्द काही मोडला नाही. शेवटी तीच हळूच म्हणाली, "आलं हुतं, आई. लई घान. काकांनी बंद केलं."

सत्यशीलाचा हात वर गेला. माझं मशीन थांबलं. त्या हातानं तिनं पोरीला पोटाशी ओढलं. "येकलीच भ्याली आसशील की गं," म्हणाली आणि पदरानं आधी पोरीचे, मग आपले डोळे पुसले.

श्रीमंतनं सोडायचं नाव पुन्हा काढलं नाही. आता त्याच्या दुकानातसुद्धा फोन हातात मिळायच्या आधी आईबापांना पोरासमोर "मारनार न्हाई" म्हणावं लागतं.