हेमाची जर्मनीहून आलेली पत्रं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवापुढे बसूनसुद्धा नाही — तिथे मी कायम दुसऱ्याच, लहानसहान गोष्टींची माफी मागत आले. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा पासष्टी उलटल्यावर वाटायला लागलं असेल, की ही गोष्ट माझ्याबरोबर गुपचूप संपून गेली तर तेही चोरीच होईल.

नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. आम्ही बंगळूरला होतो. माझा नवरा के. आर. पुरमच्या अलीकडे एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर. कारखान्याचीच कॉलनी, दोन मजली क्वार्टर्स. समोरच्या दारात विलास, त्याची बायको हेमा आणि विलासची आई — माई. ते साताऱ्याचे, मी पुण्याची. त्या जिन्यावर मराठी घरं दोनच, त्यामुळे दिवसा दारं लागायची नाहीत. हेमाची वाटी माझ्याकडे, माझं पातेलं तिच्याकडे. मी तिला मैत्रीण म्हणायचे. आजही म्हणते.

मग एका जर्मन कंपनीशी करार झाला. कारखान्यातून एका इंजिनिअरला दोन वर्षांसाठी तिकडे पाठवायचं ठरलं. यादीत पहिलं नाव ह्यांचं होतं. पहिलं! मी लगेच संध्याकाळचा जर्मनचा वर्ग लावला. दोन बस बदलून जायचे, आठवड्यातून तीनदा. पोळ्या लाटताना ‘स्टेशन कुठे आहे?’ घोकायचे. वहीत युरोपचा नकाशा काढला होता, त्यात ऱ्हाईन नदी निळ्या पेन्सिलीनं.

आणि यादी बदलली. का, ते कधीच कळलं नाही. विलासचं नाव आलं. हे म्हणाले, "विलास काम नीट करेल," आणि पेपर उघडून बसले. मी पेढे घेऊन समोर गेले. हेमानं मला मिठी मारली. "सुलभा, मला तर इंग्रजीसुद्धा धड येत नाही गं. तुझी ती वही देशील?"

दिली. हसून दिली. ते हसू अजून आठवतं मला — गाल दुखले होते.

माईंची नजर काचबिंदूनं जवळजवळ गेली होती. दारात माणूस उभं आहे एवढं कळायचं, कोण ते आवाजावरून. आता काही करता येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. परक्या मुलखात दोन वर्षं नकोत, म्हणून त्या आपणहून मागे राहिल्या. स्वयंपाकाला बाई ठेवली. बाकीचं? बाकीचं मीच ओढून घेतलं. "हेमा, मी आहे ना," म्हणाले. तेव्हा ते खरंच होतं, असं मला अजून वाटतं. खात्री मात्र नाही.

पत्रं यायला लागली. माईंना उठवायला नको, म्हणून पोस्टमन ती माझ्याच हातात द्यायचा. "अक्का, फॉरिन लेटर," म्हणून हाक मारायचा. दुपारचा चहा झाला की मी समोर जाऊन माईंना पत्र वाचून दाखवायचे.

हेमा इतकं छान लिहिते, हे मला ठाऊक नव्हतं. ऱ्हाईनवरची बोट आणि दोन्ही काठांना डोंगरांवर किल्ले — ‘आपल्या अजिंक्यताऱ्यासारखेच, पण खिडक्यांना पडदे लावलेले.’ पॅरिसचा तो मनोरा, आणि अर्ध्यावरच घेरी येऊन खाली बसलेला विलास. हॉलंडातली ट्यूलिपची शेतं. डोंगराच्या पोटातून बर्फापर्यंत नेणारी आगगाडी. शनिवार आला की डबा भरायचा आणि निघायचं, असं त्यांचं चाललेलं. दर पत्रात फोटो. हेमा लाल कोटात, पायात बूट, कोटाखालून साडीचा काठ डोकावतोय. माई फोटो हातात धरायच्या, बोटांनी कडा चाचपायच्या आणि विचारायच्या, "कशी दिसतेय गं?"

कशी दिसत होती? माझ्या जागी उभी असल्यासारखी दिसत होती. माझ्या नदीवर, माझ्या बोटीवर. ‘स्टेशन कुठे आहे’ हे तिला विचारता तरी येत असेल का? — हाच विचार माझ्या मनात यायचा, आणि तोंडानं मी म्हणायचे, "छान दिसतेय, माई."

प्रत्येक पत्राच्या शेवटी काही ओळी फक्त माईंसाठी असायच्या. गुडघ्यांना तेल लावता का. इथे देऊळ नाही, पण चर्चमध्ये तुमच्या नावानं मेणबत्ती लावली. विलास रोज जेवताना तुमच्या आमटीची आठवण काढतो. एकदा त्या ओळी माझ्याकडून राहिल्या. घरी कुकर लावला होता, घाई होती — घाई होती ना? माईंनी विचारलं, "माझ्यासाठी काही लिहिलंय का गं?" मी म्हणाले, "बाकी खुशाल, म्हणते." माईंचा चेहरा किंचित उतरला. आणि मला — कसं सांगू — बरं वाटलं. हेमाकडे सगळं होतं. निदान हे एक तरी नसू दे.

त्यानंतर घाई नव्हती. त्यानंतर मी त्या ओळी मुद्दाम गाळायला लागले. सहली मात्र सगळ्या वाचायचे, सावकाश, एकही किल्ला न सोडता. काय खाल्लं, किती हसलो, सगळं. त्यात एक शब्दही खोटा नव्हता. म्हणूनच ते इतकं सोपं होतं.

"फिरू देत बाई," माई आधी कौतुकानं म्हणायच्या. पुढे "फिरू देत," एवढंच. आणि एक दिवस, "हिला एकदाही माझी चौकशी करावीशी वाटत नाही ना?"

मी फोटो पाकिटात घालत राहिले.

माई सांगतील तसं उत्तर मीच लिहायचे. त्यात कधी फेरफार केला नाही. करायची गरजच पडली नाही. त्याच कमी कमी सांगायला लागल्या. फोन दिवाळीला एकदा, कॉलनीतल्या एका साहेबांच्या घरी, आणि तोही ‘ऐकू येतंय का’ म्हणेपर्यंत संपायचा.

दुसऱ्या वर्षी मार्चमध्ये एक पत्र आलं. मी ते नेहमीप्रमाणे जिन्यातच फोडलं. या वेळी त्यात सहल नव्हती. हेमानं लिहिलं होतं, मे महिन्यात माईंनी दोन महिने तिकडे यावं. कारखान्यातले एकजण येणार आहेत, त्यांच्या सोबतीनं येता येईल. पासपोर्टचं माझ्या नवऱ्यानं बघावं. ‘त्यांना दिसणार नाही, हे ठाऊक आहे,’ तिनं लिहिलं होतं. ‘पण बोटीवरचा वारा लागेल, बर्फ हातात देता येईल. सुलभा, तू त्यांना नीट समजावून सांग, तुझं ऐकतील. मात्र आग्रह नको, त्यांना अवघडल्यासारखं होईल. निरोप आला नाही तर त्यांची इच्छा नाही असं आम्ही समजू, पुन्हा विषय काढणार नाही.’

मी ते पत्र दोनदा वाचलं. माईसुद्धा जाणार. डोळ्यांनी न दिसणारी बाईसुद्धा ती नदी बघून येणार — आणि मी? मी त्यांची बॅग भरायची, स्वेटर विकत आणायचा, विमानतळावर हात हलवायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातला बंब पेटलेला होता. मी पत्र त्यात टाकलं. मग मुलांना उठवलं, डबे भरले. त्या दुपारी माईंनी विचारलं, "या आठवड्यात काही आलं नाही?" "नाही, माई," मी म्हणाले.

वर्षाअखेरीस ती दोघं परत आली. पहिल्याच दुपारी मी चहा घेऊन समोर गेले. कॉटवर भेटवस्तू मांडलेल्या होत्या. माईंनी एकीलाही हात लावला नव्हता. हेमा काहीतरी सांगत होती, आणि माई एकदम म्हणाल्या, "पुरे. तू काय काय बघितलंस ते मी दोन वर्षं ऐकलंय."

हेमा गोंधळली. "माई, तुम्हालाही बोलावलं होतं की. तुम्हीच नाही आलात."

"मला? कधी?"

"मार्चमध्ये. पत्र लिहिलं होतं मी."

माईंनी गादीखालून पत्रांचा गठ्ठा काढून तिच्यापुढे टाकला. "सगळी आहेत. दाखव."

हेमा जमिनीवर बसली. एकेक पाकीट उघडत गेली. विलास म्हणाला, "आई, मीच हिला लिहायला सांगितलं होतं." माई म्हणाल्या, "तू बायकोला सांभाळून घे. फोटोसुद्धा सगळे पोचले, तेवढंच पत्र हरवलं होय?"

मग हेमानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत संशय नव्हता. आशा होती. "सुलभा, तुला नाही मिळालं?"

ट्रे माझ्या हातात होता. एक ‘हो’ पुरलं असतं. ते ऐकून त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं, कॉलनीभर झालं असतं — होऊ द्यायचं होतं.

"नाही," मी म्हणाले.

माईंनी मान हलवली, जणू हे त्यांना ठाऊकच होतं.

दोन महिन्यांत त्या मुलीकडे बेळगावला गेल्या. विलास त्यांना भेटायला जायचा, हेमाही दोनदा गेली. दुसऱ्यांदा माईंनी तिच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. दोन वर्षांनी त्या तिथेच वारल्या. शेवटच्या आजारपणात मुलगी त्यांना म्हणाली होती, हेमाला बोलावू का. माई म्हणाल्या, "तिनं मला कुठे बोलावलं होतं?"

तेरावं उरकून परत आल्यावर हेमा माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. दार लावून घेतलं तिनं. मग म्हणाली, "मी लिहिलं होतं गं, सुलभा. देवाशप्पथ."

मी म्हणाले, "मला माहीत आहे."

तिनं माझा हात घट्ट धरला. "तू एकटीच आहेस विश्वास ठेवणारी. विलासलाही आता वाटायला लागलंय, मी टाकायलाच विसरले असेन." आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तेव्हाही सांगितलं नाही.

आता ती दोघं साताऱ्याला असतात. हेमाचा फोन येतो, तासतासभर बोलतो आम्ही. माईंच्या श्राद्धाला ती दरवर्षी स्वतः स्वयंपाक करते, कुणाला हात लावू देत नाही. मागच्या वेळी म्हणाली, "इतकी वर्षं झाली, पण कधीकधी माझं मलाच कळत नाही गं — खरंच लिहिलं होतं ना मी?"

मी म्हणाले, "सोड आता ते."

लिहिलं होतं तिनं. दोन पानं, पाठपोट, निळ्या शाईत. ते पोचलं होतं.