विल्फ्रेडचे उडायचे बूट

इंग्लंडमधल्या लिंकनशायरच्या एका खेड्यातला विल्फ्रेड मॉल्टबी मूळचा पोस्टमन. लढाई संपली की पुन्हा पायी टपाल वाटायचं आणि एनिडशी लग्न करायचं, यापलीकडे त्याचं मागणं नव्हतं. तोवर तो बॉम्बर विमानाच्या शेपटीत मशीनगन धरून बसायचा. तिथं हाडं गोठायची. भिस्त सगळी लोकरीच्या अस्तराच्या उंच बुटांवर. शत्रूच्या मुलखात उतरायची पाळी आली, तर चाकूनं वरची नळी कापून टाकायची. खाली साधे काळे जोडे उरायचे, चारचौघांत खपून जाणारे.

जानेवारीतल्या एका फेरीत दोन्ही नळ्या हवेतच उसवल्या. परत येईस्तोवर पायांची बोटं गेली होती.

इस्पितळात एनिड आली, सोबत त्याच विमानातला वायरलेसवाला सेसिल.

"नर्स म्हणाली, बूट आधीच कापून पुन्हा शिवले होते," विल्फ्रेड म्हणाला.

सेसिल टोपी कुरवाळत बसला. "तू रजेवर होतास रे. डान्स होता, माझ्या जोड्यांचे तळ गेलेले..."

"मग स्वतःचे कापायचेस. तू तर गरम हवेच्या नळीशेजारी बसतोस."

"आणि उडी मारायची वेळ आली असती तर? मला नकोत होय धड बूट?"

विल्फ्रेडनं विचारलं, "शिवले कुणी? चढवताना मला कळलंसुद्धा नाही."

सेसिलनं एनिडकडे पाहिलं. ती पॅराशूट दुरुस्तीच्या खात्यात होती. हात मोठा सफाईदार.

"मी ह्याला म्हटलं होतं, विल्फला सांग," ती म्हणाली.

"तू का नाही सांगितलंस?"

"तू नवे मागितले असतेस. चौकशी झाली असती. सेसिल अडकला असता."

"सेसिल अडकला असता!" विल्फ्रेड तिला म्हणाला. "डान्सला तूच होतीस ना त्याच्याबरोबर?"

एनिड पुढं झाली आणि त्याच्या पायांवरचं पांघरूण सारखं करू लागली.

"त्यांना हात लावू नकोस," तो म्हणाला.

लढाईनंतर त्याची टपालाची फेरी दुसऱ्याला दिली, त्याला टपालकचेरीत तिकिटं विकायला बसवलं. एनिड आता सेसिलची बायको. ती तिकिटाला आली की विल्फ्रेड आतल्या खोलीत निघून जायचा. मात्र लंगडत जायला वेळ लागायचा, म्हणून ती रस्त्याच्या वळणावर दिसली की लगेच उठायचा.